ठिपक्यांवर जाऊ नका : खान्देशात कोरफड ओळखायला शिकताना

लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, धुळ्याहून मालेगावकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला जो खडकाळ माळ लागतो, तिथे मला पहिल्यांदा ‘ठिपक्यांची कोरफड’ दिसली. वीतभर उंचीचं रोप, हिरव्यागार पानांवर पांढरे लांबट ठिपके, कडेला बारीक दाते. त्याच आठवड्यात मी दक्षिण आफ्रिकेतल्या ठिपकेदार ॲलोंबद्दल (ॲलो हे कोरफड आणि तिच्या जातभाईंचं शास्त्रीय नाव) वाचलं होतं. झालं! वहीत मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं : ‘ॲलो मॅक्युलाटा, लळिंग’. दोन-तीन मित्रांना फोनही केले.

शेजारी शेळ्या चारणारे एक आबा माझा उद्योग बघत उभे होते. म्हणाले, “हाई तर कोरफडनं पिलू शे भाऊ. मोठं व्हई का ठिपका जातीन.”

मी हसून सोडून दिलं. दोन वर्षांनी परत गेलो तेव्हा रोप गुडघ्याएवढं झालं होतं आणि ठिपक्यांचा पत्ता नव्हता. साधी कोरफड, जी आपल्या दारावर उलटी टांगलेली असते तीच.

म्हणून नव्याने शिकणाऱ्याला सगळ्यात आधी सांगतो : ठिपके हा ओळखीचा पुरावा नाही. ठिपके बघून थांबावं, वाकावं, वही काढावी एवढंच. नाव ठरतं ते फुलावरून, आणि फूल नसेल तर बहुतेक वेळा ठरतच नाही.

आधी हे पक्कं करा : ही कोरफड तरी आहे का?

खान्देशात जाड, रसरशीत पानांची आणि काटेरी खोडांची झाडं कमी नाहीत. तापीकाठच्या काळ्या रानात बांधावर, सातपुड्याच्या उतारावर, धुळे-नंदुरबारच्या बाजूला काळ्या दगडाच्या ज्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या दिसतात त्यांच्या फटींत, माती जिथे वीतभरही नाही तिथे हीच मंडळी तग धरतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे निघाला की त्यांना काही वाटत नाही.

त्यातली निम्मी एका घावात बाजूला काढता येतात. खोड किंवा पान खरचटल्यावर पांढरा चीक आला, तर ती कोरफड नव्हे. ते शेर, थोर अशा घराण्यातलं झाड. हा चीक डोळ्यात गेला तर खरोखरची इजा होते, त्यामुळे हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका. फड्या निवडुंगाला तर पानंच नसतात, जी पानं वाटतात ती खोडं आहेत.

खरा घोळ होतो तो घायपाताशी. आपल्याकडे बरेच जण त्याला केकताड म्हणतात. शेताला कुंपण म्हणून लावलेलं, एकेक पान माणसाच्या कंबरेएवढं, वाख काढून दोर वळायला वापरलेलं. मोठं घायपात कोणी कोरफड समजणार नाही, पण लहान रोपापाशी भलेभले फसतात. तीन गोष्टी बघा. पानाचं टोक : घायपाताला दाभणासारखा काळपट, टणक काटा असतो आणि तो रक्त काढतो, कोरफडीचं टोक निमुळतं असलं तरी इतकं कठीण नसतं. पानाचा तुकडा : घायपात मोडताना आतून दोरे निघतात, तुटता तुटत नाही, कोरफड ककडीसारखी मोडते, सालीलगत पिवळा कडू रस येतो आणि मधोमध स्वच्छ गर दिसतो. (घायपाताचा रस कातडीला लागला तर खाज सुटते, म्हणून हा प्रयोग फार उत्साहाने करू नका.) आणि फुलोरा : घायपात आयुष्यात एकदाच फुलतं, विजेच्या खांबासारखा उंच दांडा काढतं आणि मग मरतं. कोरफड मोठी झाली की दरसाल फुलते.

आता गंमत अशी की इतकी सारखी दिसणारी ही दोन झाडं जवळची नातेवाईक नाहीत. दोन्ही मूळ शतावरी-कांद्याच्या गणातली खरी, पण घायपाताचं कुल, म्हणजे गणाच्या आतलं घराणं, शतावरीचं, आणि त्याची अगदी जवळची भाऊबंदकी आहे सातपुड्यातल्या सफेद मुसळीशी. कोरफडीचं कुल वेगळं. घायपात मूळचं मेक्सिकोच्या बाजूचं, ॲलो आफ्रिका, मादागास्कर आणि अरबस्तानातले. दोन वेगळ्या खंडांत, कोरड्या हवेशी झगडताना दोघांनी स्वतंत्रपणे तोच उपाय काढला : जाड पान, गोल मांडणी, कडेला काटे. रूप सारखं म्हणून रक्त सारखं असं धरलं की वर्गीकरणात पहिलाच गचका बसतो.

कुंडीतली मंडळीही बांधावर पोचतात. आडव्या पट्ट्यांचं, उभ्या तलवारीसारख्या पानांचं स्नेक प्लांट आता सगळ्या घरांत आहे. त्याच्या पानाला दातेच नसतात. पावसाळ्यात माळावर गवतात जांभळट ठिपक्यांची मऊ पानं जमिनीसरशी दिसली आणि खाली कांदा निघाला, तर ती लेडेबुरिया. तिलाही दाते नाहीत. दाते नसलेलं ठिपकेदार पान दिसलं की या लेखातलं पुढचं काही वाचायची गरज नाही.

मग वय काढा

ठिपकेदार झाड खरंच कोरफडीच्या प्रजातीतलं आहे असं ठरलं, की पुढचा प्रश्न त्याच्या वयाचा. (प्रजाती म्हणजे मोठं घर, जाती म्हणजे त्यातलं एकेक माणूस. हिंदी पुस्तकं प्रजाती शब्द उलटा वापरतात, तिथे गोंधळू नका.)

आपल्या कोरफडीचं पिलू असं असतं : पानं समोरासमोर दोन रांगांत, उघडून उभ्या ठेवलेल्या पुस्तकासारखी. दोन्ही बाजूंवर पांढरे ठिपके. जसजसं ते वाढतं तसतशी पानं गोल फिरत जातात, मधे खोलगट परडीसारखा आकार येतो, आणि ठिपके आतल्या कोवळ्या पानांपुरते किंवा पानाच्या बुंध्यापुरते उरतात, नाहीतर पूर्ण जातात. काही झाडं मोठेपणीही थोडे ठिपके राखून असतात, त्याने बिचकू नका.

करायचं एवढंच : एका रोपाकडे बघून निर्णय घ्यायचा नाही. कोरफड एकटी क्वचित असते. बुंध्याभोवती पिलांचा घोळका असतो. त्या घोळक्यातलं सगळ्यात मोठं झाड शोधा आणि त्याचं बाहेरचं, पूर्ण वाढलेलं पान बघा. पिलांवर ठिपके आणि आईवर नाहीत, तर प्रकरण तिथेच संपलं. मी लळिंगला हे केलं असतं तर आबांसमोर माझी शोभा झाली नसती. आई दहा पावलांवर, एका दगडाच्या आडोशाला होती.

रंगावरही जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये उघड्या खडकावरची कोरफड तांबूस-तपकिरी होते, पानं आत वळतात, ओळखू येणार नाही इतकी बारीक होते. तीच श्रावणात भरून हिरवी होते. हे झाड दिवसा आपली रंध्रं मिटून घेतं आणि हवा घेतं ती रात्री, गारव्यात. उन्हाळा काढायची तिची ही रीत. पण त्यामुळे ‘लाल कोरफड वेगळी, हिरवी वेगळी’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, निदान उन्हाळ्यात तरी.

फुलाची वाट बघा

इथे लोकांचा धीर सुटतो. पण खान्देशात ही वाट बघणं अवघड नाही, कारण कोरफड फुलते ती थंडीच्या सुमारास, म्हणजे नेमकी शेतात भरीत-पुरीच्या पार्ट्या रंगतात त्या दिवसांत. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजेपर्यंत बांधावर एक चक्कर मारायला काय हरकत आहे?

फुलोरा दुरूनच दिसतो. आपल्या कोरफडीचा दांडा साधारण मांडी-कंबरेएवढा उंच, सरळ, बहुतेक वेळा एकच किंवा एखाददुसरा फाटा फुटलेला. वरच्या भागात पिवळी, नळीसारखी फुलं दाटीने, खाली लोंबणारी. खालची आधी उमलतात, वर कळ्या राहतात. पूर्ण फुलोरा टोकाकडे निमुळता, भाल्यासारखा. शिंजीर, म्हणजे तो काळा-जांभळा चकचकीत सूर्यपक्षी, आसपास असतोच. त्याच्या आवाजावरूनही मला एकदा कोरफड सापडली आहे.

आता एक फूल घ्या. खाली पडलेलं ताजं मिळालं तर उत्तम. ब्लेडने उभं चिरा आणि तळहातावर ठेवा.

पहिली खूण, घायपात आणि कोरफड यांच्यातली शेवटची शंका मिटवणारी. वांग्याला टोपी कुठे असते? देठाशी. म्हणजे फूल जिथे बसलं होतं त्याच्या वर फळ धरलं. पेरूला मात्र फुलाचे अवशेष खालच्या टोकाला दिसतात, कारण फळ फुलाच्या मागे, देठाकडे धरलं. कोरफडीचं फूल वांग्यासारखं : बीजांडकोश, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं तो भाग, फुलाच्या नळीच्या आत, तळाशी बसलेला. घायपाताचं पेरूसारखं : बीजांडकोश पाकळ्यांच्या खाली, बाहेर. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की जन्मात विसरत नाही.

दुसरी खूण, ठिपकेदार गटासाठी सगळ्यात महत्त्वाची. नळीचा आकार बघा. आपल्या कोरफडीचं फूल जेमतेम तीन सेंटिमीटरचं, मधे किंचित फुगीर, बुंध्याशी गळा आवळलेला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या खऱ्या ठिपकेदार ॲलोंचं फूल सुरईसारखं असतं, पण उलटं धरलेल्या : बुंध्याशी, बीजांडकोशाभोवती गोल फुगा, त्याच्या लगेच पुढे गळा एकदम आवळलेला, मग तोंडाकडे पुन्हा रुंद. वनस्पतिशास्त्रज्ञांनी हा गट बांधला तो ठिपक्यांबरोबरच या फुग्यावर आणि आवळलेल्या गळ्यावर. पानावर कितीही नक्षी असली आणि फूल आवळलेलं नसलं, तर या गटाचा विचार सोडा.

तिसरी, फुलाचा देठ मोजा. ॲलो मॅक्युलाटात खालच्या फुलांचे देठ लांब, चार सेंटिमीटरच्या आसपास, आणि वरच्यांचे आखूड. त्यामुळे सगळी फुलं एका पातळीवर येतात आणि फुलोरा छत्रीसारखा, वर सपाट दिसतो. आपल्या कोरफडीचे देठ जेमतेम अर्धा सेंटिमीटर. भाला की छत्री, हा फरक चालत्या बसमधूनही कळतो.

ज्यांच्याशी तुलना करायची ते खरे ठिपकेदार

हे मूळचे आपल्याकडचे नाहीत. दक्षिण आफ्रिकेकडच्या माळांवरचे आहेत, आणि इकडे दिसले तर कुणीतरी कुंडीत आणलेले किंवा कुंडीतून फेकलेले. तरी त्यांची ओळख असावी, कारण तुलनेशिवाय आपली कोरफडही नीट कळत नाही.

ॲलो मॅक्युलाटा त्यातली बरीच पसरलेली. नावाचा अर्थच ‘डागाळलेली’. पान आपल्या कोरफडीपेक्षा आखूड आणि रुंद, ठिपके लांबट, कुठे कुठे दोन ठिपके जोडले जाऊन इंग्रजी एच अक्षरासारखे दिसतात, कडेचे दाते तपकिरी आणि टणक. फुलं पिवळी, नारिंगी, लाल, काहीही. जुनं नाव सॅपोनारिया, म्हणजे साबणवाली. पानाच्या रसाला फेस येतो म्हणून. ॲलो झेब्रिनाचे ठिपके आडव्या पट्ट्यांत मांडल्यासारखे, आणि फुलोरा उंच, बऱ्याच फांद्यांचा, विरळ. ॲलो डेव्हियाना तिकडच्या उत्तरेकडच्या गवताळ पठारावर हिवाळ्यात फुलते, तेव्हा दुसरं काहीच फुललेलं नसतं, म्हणून मधपाळ आपल्या पेट्या उचलून तिथे नेतात.

अशा बऱ्याच जाती या गटात आहेत आणि त्यांच्या सीमा पुसट आहेत. एका टेकडीवरची ॲलो पुढच्या टेकडीवर हळूहळू दुसरीसारखी दिसू लागते. शिवाय या प्रजातीत संकर फार सहज होतो. दोन जाती शेजारी फुलल्या की पक्षी-माश्या परागकण इकडचे तिकडे करतात आणि मधलंच काहीतरी उगवतं. तिकडच्या अभ्यासकांचंही यावर एकमत होत नाही, तिथे भुसावळच्या एखाद्या बंगल्याच्या गच्चीवरच्या कुंडीला आपण छातीठोक नाव देणं म्हणजे अतीच.

नर्सरीच्या पाटीचं तर विचारूच नका. ‘टायगर ॲलो’ म्हणून विकतात ती तीन रांगांत वाघासारख्या पट्ट्यांची छोटी कोरफड आता ॲलो प्रजातीतही राहिलेली नाही. 2013-14च्या सुमारास आनुवंशिक तपासणीच्या आधारे ॲलोचं मोठं घर फोडून काही शाखा वेगळ्या मांडल्या, त्यात ती गोनिॲलो झाली. पांढऱ्या खरखरीत गाठींच्या पट्ट्या असलेली हॅवर्थियाही ‘बेबी कोरफड’ म्हणून खपते. नखाने घासून बघा : हॅवर्थियाच्या गाठी हाताला लागतात, ॲलोचा ठिपका पानाच्या आतच रंगवलेला असतो, हाताला गुळगुळीत.

नावाचं काय?

कुठल्याही अ‍ॅलोव्हेरा क्रीमच्या ट्यूबवर बारीक अक्षरं वाचा. ‘ॲलो बार्बाडेन्सिस’ असं लिहिलेलं सापडेल. नवखा विचारतो, ही वेगळी जात का? नाही. 1768 साली दोन लेखकांनी दोन ग्रंथांत याच झाडाला दोन नावं दिली, काही दिवसांच्या फरकाने. नियमाने आधी छापलेलं नाव टिकतं, म्हणून शास्त्रात ॲलो व्हेरा, आणि व्यापारात दुसरं नाव चिकटून राहिलं. हे माहीत नसलं की एका झाडाच्या दोन नोंदी होतात. मी केल्या आहेत.

आपली ही ॲलो व्हेरा मूळची अरबस्तानच्या बाजूची मानतात; फार जुन्या काळी माणसांबरोबर आली. यावरून पुढचा, माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा प्रश्न निघतो.

आजूबाजूला बघा : इथे कोण राहत होतं?

कोरफडीला फुलं भरपूर येतात, पण आपल्याकडे फळं-बिया क्वचित दिसतात. ती पसरते पिलांनी. म्हणजे वाऱ्याने उडत ती डोंगरावर जात नाही. एखाद्या उतारावर कोरफडीचा जुना घोळका दिसला, तर बहुधा तिथे माणूस होता : एखादी मढी, कोसळलेलं घर, पाडा उठून गेलेली जागा, किल्ल्यावरची शिबंदी. तोरणमाळच्या वाटेवर किंवा पाटणादेवीच्या रानात असा घोळका दिसला की मी आधी झाडाचा फोटो काढत नाही, जमीन बघतो. जोत्याचे दगड, खापराचे तुकडे, चिंचेचं एखादं म्हातारं झाड. दहातल्या पाच-सहा वेळा काहीतरी सापडतं.

म्हणून ‘जंगलात सापडली’ एवढं लिहून भागत नाही. रानात वाढलेली आणि रानातली, हे दोन वेगळे शब्द आहेत.

बघताना हात आवरा. यावल असो, गौताळा असो, अभयारण्यातून परवानगीशिवाय रोप उपटणं हा गुन्हा आहे. आणि परदेशातून कुणी ‘दोन पिलं घेऊन येतो’ म्हणालं तर थांबवा : ॲलो व्हेरा सोडून बाकी ॲलोंच्या व्यापारावर साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. चाखूनही बघू नका. सालीलगतचा पिवळा रस, जो वाळवून काळाबोळ होतो, तो जोरदार रेचक आहे. गरोदर बाईने तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

फोटो आणि नोंद

मोबाईलमध्ये सहा फोटो पुरतात, पण हेच सहा : पूर्ण घोळका, शेजारी चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवून, मोठ्या झाडाचं बाहेरचं पान वरून आणि खालून, कारण खालची बाजू कुणी काढतच नाही, कडेचे दाते जवळून, शेजारी पट्टी धरून, पूर्ण फुलोरा, आणि चिरलेलं फूल तळहातावर. सकाळी आठच्या आत काढा, नंतर पानावरची चकाकी ठिपके खाऊन टाकते.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकायचं असेल तर कुंडीतल्या किंवा लावलेल्या झाडावर तशी खूण करा. ॲप नाव सुचवतं ते चित्रावरून, आणि ठिपकेदार पिलाला ते बेधडक आफ्रिकेत नेऊन बसवतं. माझ्यासारखंच. फूल नसेल तर ‘ॲलो’ एवढ्यावर थांबा. प्रजातीपर्यंतची खरी नोंद जातीपर्यंतच्या खोट्या नोंदीपेक्षा पुढच्या माणसाच्या कामाची असते.

वहीत मी आता असं लिहितो :

“लळिंग, किल्ल्याचा पायथा, दक्षिणेकडचा उतार. पौष. घोळका, मोठी झाडं 4, पिलं वीसच्या वर. मोठ्या पानांवर ठिपके नाहीत, पिलांवर दोन्ही बाजूंनी. दाते पांढरट. दांडा 80 सेंमी, फाटा नाही. फुलं पिवळी, देठ आखूड, गळा आवळलेला नाही. पानाचा रस पिवळा. पाच पावलांवर जोत्याचे दगड. ॲलो व्हेरा, जुनी लागवड असावी. (आधीची नोंद चूक. शेळ्यावाल्या आबांनी तेव्हाच सांगितलं होतं.)”